चौथा भोंगा

नागपुरात, इंदोऱ्याच्या पलीकडच्या त्या वस्तीत लग्न ठरलं की सर्वांत आधी तारीख पक्की व्हायची ती विश्वनाथ खोब्रागड्याच्या मशीनची. मंडप, आचारी, नवरदेवाची रजा या गोष्टी मग त्या तारखेभोवती बसवल्या जायच्या. मशीन म्हणजे लाऊडस्पीकरचं मशीन: एक माइक, मधली आवाज मोठा करणारी पेटी आणि चार भोंगे. वस्तीत शिवणाची मशीनं होती, पिठाची गिरणी होती, पण नुसतं 'मशीन' म्हटलं की ते विश्वनाथचंच.

माणूस उंच, किडकिडीत, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. नोकरी तार खात्यात लाइनमनची. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. घरातले देव गेले, शाळेच्या दाखल्यावरचं नाव मात्र तसंच राहिलं. त्यावरून कुणी छेडलं तर तो म्हणायचा, "नाव बदलाले अर्ज करा लागते, भाऊ. धर्माले अर्ज नाही लागला."

पहिलं मशीन त्याने एकसष्ट साली घेतलं, एका बंद पडलेल्या फिरत्या टॉकीजकडून. आत काचेचे व्हॉल्व्ह होते, वांग्याएवढे. बटण दाबल्यावर ते लाल व्हायला पुरतं मिनिट लागायचं आणि तेवढा वेळ सारी सभा पेटीकडे पाहत गप्प बसायची. वस्तीतली सभा गप्प बसण्याचा तो एकमेव प्रसंग. या मशीनची एक अट होती. आवाज तारेतून लांबवर न्यायचा तर पेटी तो आधी जोरात ढकलायची, आणि भोंग्यात शिरण्याआधी तो जोर उतरवावा लागायचा. हे उतरवण्याचं काम भोंग्याच्या मानेवर बांधलेली लोखंडी डबी करायची. आत तांब्याच्या तारेची वेटोळी. ओंजळीत मावेल एवढी डबी, पण हातावर घेतली की अर्धा किलो भरायची. डबीशिवाय भोंगा जोडला तर आतला पडदा जळून जायचा. चार भोंगे, चार डब्या.

चौऱ्याहत्तर साली विश्वनाथने सीताबर्डीवरून ट्रान्झिस्टरचं नवं मशीन आणलं. ते काखेत मावायचं, बटण दाबताच बोलायचं, आणि त्याला डब्या लागत नसत. दुकानदार म्हणाला, "खोब्रागडेजी, वो डब्बे अब फेंक दो. जमाना गया उनका." विश्वनाथने जुनं मशीन पोत्यात गुंडाळून पलंगाखाली सारलं. डब्या त्याने फेकल्या नाहीत. कुठलीही वस्तू फेकायला त्याचं मन धजत नसे. त्याने त्या वाटून टाकल्या. अर्धा किलोची चौकोनी लोखंडी वस्तू संसारात कुठेही कामाला येते. वाटून टाकणं म्हणजे फेकणंच, फक्त त्याला वेळ जास्त लागतो, हे कळायला त्याला पाच वर्षं लागली.

वस्तीच्या मधोमध विहार, आणि विहारापासून चार बाजूंना चार गल्ल्या. प्रत्येक गल्लीकडे एक भोंगा. शहात्तरच्या बुद्धपौर्णिमेला नाल्याकडच्या गल्लीचा भोंगा खरखरला आणि बंद पडला. झालं. आम्हाला मुद्दाम वगळलं म्हणून त्या गल्लीने खीर घेतली नाही. सव्वा गंज, म्हणजे सव्वा पातेलं, खीर उरली, आणि उरलेल्या तिन्ही गल्ल्यांना ती संपवण्याचा धर्म पाळावा लागला. पुढच्याच बैठकीत विहार कमिटीने ठराव केला: चारही भोंगे सुरू झाल्याशिवाय कार्यक्रमास सुरुवात करण्यात येऊ नये. ठराव मांडला विश्वनाथ खोब्रागडे यांनी. सर्वानुमते मंजूर. नवं मशीन घरात असलेल्या माणसाला असा ठराव मांडायला काय जातं?

आता बायजाबाई. बायजाबाई ही या वस्तीची गाणारी. दिवसभर बिड्या वळायची, गाणी स्वतःच रचायची, आणि लिहिता येत नसल्यामुळे विसरायची नाही. छप्पन सालच्या ऑक्टोबरात ती पांढरं लुगडं नेसून, पदरात दोन भाकरी बांधून दीक्षेच्या मैदानाकडे पायी गेली होती. त्या चालण्याचं तिचं एक गाणं होतं. ती कानावर हात ठेवून, माइकपासून दोन हात लांब उभी राहून ते गायची, आणि जुन्या मशीनमधून तिचा आवाज असा काही निघायचा की चारी गल्ल्यांतल्या बाया हातातलं काम ठेवून दारात यायच्या. बारा-तेरा वर्षं पौर्णिमेची सुरुवात तिच्याच गाण्याने झाली.

नव्या माइकने पहिल्याच वर्षी तिच्या आवाजाला शिटी मारली. दुसऱ्या वर्षी विश्वनाथ म्हणाला, "माय, जरा जवळून. नाही, एवढं जवळून नाही." तिसऱ्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत रेकॉर्डी आल्या, आणि बायजाबाईच्या नावापुढे 'वेळ उरल्यास' असं लिहिलं गेलं. वेळ उरला नाही. वेळ उरत नसतो. पत्रिका विश्वनाथच्या अक्षरात होती.

त्यानंतरही ती दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून पहिल्या ओळीत येऊन बसायची, रेकॉर्डी ऐकायची, खीर घ्यायची आणि घरी जायची. कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर विश्वनाथपाशी उत्तर तयार होतं. ते द्यायची पाळी न आल्यामुळे ते त्याच्यापाशीच राहिलं आणि तीन वर्षं मनात कुजत पडलं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात, पौर्णिमेला पाच दिवस असताना, भर दुपारच्या एका लग्नात नवं मशीन गेलं. मंडपाखाली ताव इतका होता की मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकल्या होत्या. भंतेजी पंचशील देत होते. तिसऱ्या शीलापाशी पेटीतून जळका वास आला आणि आवाज बसला. उरलेली दोन शीलं वऱ्हाडाने अंदाजाने घेतली. पाचवं, दारूचं, मागच्या रांगांना ऐकू आलं नाही, आणि त्याबद्दल तक्रारही आली नाही.

सीताबर्डीच्या दुकानदाराने झाकण उघडून आत फुंकर मारली. "ट्रान्झिस्टर गये. चारों. नागपूर की गर्मी में यही होता है."

"मंग नागपुरात कायले विकता?"

"सर्दी में तो चलता है ना, भाई. माल बंबई से आयेगा. पंधरा दिन."

घरी आल्यावर विश्वनाथने पलंगाखालून पोतं ओढलं. बायको गोपिका दारात सूप घेऊन उभी होती.

"हे कायले काढून राहिले?"

"पौर्णिमा याच्यावर करा लागन."

"आता मागं जाता का? शेजाऱ्याइले सांगत फिरत होते ना, जुन्याचा जमाना गेला म्हणून?"

"मशीनले काय माहीत जमाना," विश्वनाथ म्हणाला. व्हॉल्व्ह पुसून, पिना घासून त्याने तार लावली. मिनिटभराने पेटीच्या जाळीमागे लाल उजेड आला. पाच वर्षं पलंगाखाली पडून असलेली वस्तू एवढ्या मुकाट्याने पेटते हे पाहून त्याला बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. जुना माइकही सापडला, लेकीच्या लोकरी टोपीत गुंडाळलेला.

गोपिका सूप ठेवून खाली बसली. "मंग एक आयका. बायजाबाई चालली. काटोलले, लेकीकडं, कायमची. जावई पौर्णिमेच्या संध्याकाळी घ्याले येऊन राहिला. साडेसहाच्या गाडीनं जातील. काल नळावर भेटली तर मले म्हणे, यंदा तरी एक गाणं होईन का वं?"

"तू काय म्हटलं?"

"मी काय म्हणू? वेळ उरला तर होईन म्हटलं. तुमचंच वाक्य हाय."

विश्वनाथने तीन दिवसांची रजा टाकली आणि डब्या शोधायला निघाला.

पहिली डबी घरातच निघाली. गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि लुगडं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं होती: दोन विटा, एक वरवंटा आणि एक डबी. त्याने डबी उचलताच कोपरा उडाला आणि वीसेक कुरडया शेजारच्या कौलांवर जाऊन बसल्या. गोपिकाने त्यांचा हिशेब पुढे कित्येक दिवस तोंडी ठेवला.

दुसरी विहार कमिटीचे सचिव आनंदराव यांच्या टेबलावर होती. आनंदराव म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर. कागद उडून जाऊ नये याबद्दल दक्ष आणि कागदावर काय लिहिलं आहे याबद्दल त्याहून दक्ष.

"घेऊन जा, विश्वनाथजी," ते म्हणाले. "पण ठरावाचं ध्यानात हाय ना? मागच्या खेपेले नाल्याकडचे लोक सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत."

"ठराव मीच मांडला ना, सर."

"म्हणून तर आठवण देऊन राहिलो."

दोन्ही डब्या विश्वनाथने मीटर लावून तपासल्या. धडधाकट होत्या.

तिसरी गांधीबागेमागच्या बोळात, भंगारवाल्या नत्थूजींच्या तराजूवर. एका पारड्यात पितळी नळांचे तुकडे, दुसऱ्यात डबी. दिली तेव्हा विश्वनाथनेच म्हटलं होतं की ही बरोब्बर अर्धा किलो आहे. नत्थूजींनी तो शब्द पाच वर्षं प्रमाण मानून धंदा केला होता.

"नाही देत," नत्थूजी म्हणाले. "याच्यावर माझं दुकान उभं हाय, भाऊ."

"मी तुम्हाले खरं वजन आणून देतो. सरकारी, ठप्पा मारलेलं."

"सरकारी वजन लोकांले खोटं वाटते. ह्या डबीवर भरवसा बसला त्याइचा."

शेवटी विश्वनाथने किराणावाल्याकडून ठप्प्याचं वजन आणलं. नत्थूजींनी एका पारड्यात ते ठेवलं, दुसऱ्यात डबी. काटा मधोमध उभा राहिला, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

"पाहून घ्या," नत्थूजी म्हणाले. "हाय की नाही जशीच्या तशी?"

काट्यावर अविश्वास दाखवणं विश्वनाथच्या स्वभावात नव्हतं, आणि ऊन डोक्यावर आलं होतं. त्याने ती डबी रुमालात बांधली. मीटर सायकलच्या पिशवीतच राहिला.

चौथी डबी बायजाबाईकडे होती. तिला ती आपण दिली होती हे विश्वनाथ विसरून गेला होता. आठवण गोपिकाने दिली.

खोलीत बांधाबांध चालली होती. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर अजून होती. खालच्या फळीवर, तेलपाण्याने पुसलेली, डबी. बायजाबाईचे कान आता पार गेले होते, हे विश्वनाथला दोन वाक्यांत कळलं.

"माय, जुनं मशीन काढलं," तो म्हणाला.

"काय?"

"जुनं मशीन! व्हॉल्व्हवालं!"

"वरडते कायले गा? मी का बहिरी हाय?" तिने त्याला बसायला पोतं सरकवलं. "जुनं म्हणजे तेच ना, लाल होते ते?"

"तेच. त्याले ही डबी लागते."

"घेऊन जा. तुझीच हाय. तूच देल्ली होती. म्हणला होता, माय, तुझा आवाज ह्याच्यातून जाते."

"गमतीनं म्हणलो असन."

"असन," बायजाबाई म्हणाली. तिने डबी पदराने पुसली, उलटी करून पुन्हा पुसली आणि त्याच्या हातात ठेवली. "पाच वर्सं म्या सांभाळली. एक गाणं म्हणू देशीन? एकच. रेकॉर्डीच्या आधी. चारी गल्ल्यांत गेलं पाह्यजे. इथल्या लोकांइनं एकदा आयकलं की मी चालली."

"पहिलं तुझंच," विश्वनाथ मोठ्याने म्हणाला. ते तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी चारपासून तो शिडी घेऊन फिरत होता. शाळेकडचा भोंगा लागला, विहिरीकडचा लागला, टाकीकडचा लागला. नाल्याकडचा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो पिठाच्या गिरणीच्या पत्र्यांवर होता आणि पत्रे पाचनंतर थोडे निवतात असा अनुभव होता. साडेपाचला तो खाली विहारापाशी येऊन चाचणी घेऊन गेला. मिनिटभराने व्हॉल्व्ह लाल झाले आणि तिन्ही भोंगे असे खणखणीत बोलले की खिरीजवळच्या बायांनी मान वर करून हसून पाहिलं. मग त्याने मशीन बंद केलं. तारेत जोर असताना भोंगा जोडायला गेलं तर झटका बसतो. "मी हात दाखवल्याबिगर बटण दाबाचं नाही," असं आनंदरावांना सांगून तो गिरणीच्या पत्र्यावर चढला.

तारा जोडायला त्याने नत्थूजींच्या डबीचं झाकण उघडलं. झाकण डांबराने बंद होतं. मूळ डब्यांना डांबर नसायचं, लाख असायची. पेचकसाने डांबर खरवडलं तर आतून खिळे निघाले. खिळे, नटबोल्ट, एका कुलपाची अर्धी कडी आणि खाली वाळू. तांबं कधीच विकलं गेलं होतं, आणि वजन भरून काढायला नत्थूजींनी अतिशय इमानदारीने, अर्धा किलोला एक गुंजही कमी पडू न देता, डबी भरली होती.

विश्वनाथ पत्र्यावर बसून राहिला. पत्रे निवले नव्हते. घाम डोळ्यांत उतरत होता. खालून आनंदराव गल्लीच्या तोंडाशी आले, हातात घड्याळ.

"काय झालं, विश्वनाथजी?"

"डबी पोकळ निघाली."

"मंग?"

"घरी जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर पडला हाय. तो लावून पाहतो. आवाज थोडा बारीक येईन, पण बोलन."

आनंदरावांनी घड्याळ पाहिलं, मग विहाराकडे पाहिलं. तिथे बायजाबाई पांढरं लुगडं नेसून कट्ट्यावर बसली होती. जावई ट्रंक घेऊन मागे उभा होता आणि दर मिनिटाला एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. आनंदरावांच्या आयुष्यात नियम मोडण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके असतील. त्यांतला एक आता आला.

"तीन तर बोलून राहिले ना," ते म्हणाले. "तिले बसवतो माइकवर. ठरावाचं मी पाहून घेईन."

विश्वनाथने खाली पाहिलं. नाल्याकडच्या गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर त्यांचा भोंगा मुका होता, आणि त्याच्या मांडीवर खिळ्यांची डबी.

"तीनावर नाही, सर. चारी गल्ल्या म्हणलो तिले. दहा मिनिटं द्या."

"विश्वनाथजी, गाडी—"

"दहा मिनिटं. ठराव कोणाचा हाय?"

आनंदराव घड्याळ खिशात टाकून विहाराकडे वळले. ठरावाच्या विरुद्ध जाण्याची त्यांची हिंमत एवढीच होती, आणि ती वापरून झाली होती.

घरी जाणं, फळीवरून जुना रेडिओ काढणं, त्याच्या पोटातून ट्रान्सफॉर्मर कापून घेणं, परत येणं, चढणं. दहा मिनिटं गेली, आणि आणखी दहा. सहा वाजून पाच मिनिटांनी तो पत्र्यावर पालथा पडून तारेची टोकं दातांनी सोलत होता तेव्हा त्याला गाणं ऐकू आलं.

आधी त्याला वाटलं, कुणीतरी बटण दाबलं. त्याने घाबरून हात मागे घेतला. पण आवाज भोंग्यातून येत नव्हता. विहाराच्या कट्ट्यावरून, दोनशे पावलांवरून, हवेतून सरळ येत होता. सणामुळे पिठाची गिरणी बंद होती, वारा पडला होता, नाहीतर एवढंही ऐकू आलं नसतं.

*पांढरं लुगडं नेसून निघाली माय गं,*
*तापल्या मातीत तिचे अनवाणी पाय गं*

आवाज म्हातारा झाला होता. वरच्या पट्टीला तो काठाशी फाटायचा आणि ती तिथे थांबायची नाही, तो तसाच फाटका घेऊन पुढे जायची. विश्वनाथच्या हातात तारेचं एक टोक होतं. ते सोडून शिडीवरून उतरावं आणि धावत जाऊन मशीन सुरू करावं, असं त्याच्या मनात आलं. तीन भोंग्यांवर का होईना, उरलेली दोन कडवी गेली असती. पण उतरायला एक मिनिट, धावायला एक, व्हॉल्व्ह लाल व्हायला एक. तीन मिनिटांत गाणं संपलं असतं. आणि जोडणीचा आता एकच स्क्रू उरला होता. तो त्या स्क्रूशी झटू लागला. घामाने पेचकस निसटत राहिला. स्क्रू बसला तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

त्याने हात दाखवला. कुणाचंच लक्ष नव्हतं.

तो खाली उतरून विहारापाशी पोचला तेव्हा कट्टा रिकामा होता. माइक मात्र त्याच्या दांडीवर, कट्ट्याच्या पुढे, दोन हात अंतरावर उभा होता.

"गेली?" त्याने विचारलं.

"जावयानं रिक्षा आणली. थांबाले तयार नाही," आनंदराव म्हणाले. "मीच म्हटलं मंग, म्हणा बाई. चाळीस-पन्नास लोक होते समोर, त्याइनं आयकलं."

"अन् हा माइक?"

आनंदराव चष्मा पुसू लागले. "ठेवला मी तिच्यापुढं. बंद होता. पण तिले बरं वाटलं. कानानं ऐकू येत नाही तिले आता, कायले सांगाचं?"

मग बटण दाबलं गेलं. मिनिटभर सभा गप्प बसली. व्हॉल्व्ह लाल झाले आणि चारही भोंगे एकदम बोलले, नाल्याकडचा थोडा बारीक, पण स्वच्छ. वस्तीत त्याआधी आणि त्यानंतर इतका सुरेख आवाज कुणी ऐकला नाही असं लोक पुढे बरीच वर्षं सांगायचे. चारी गल्ल्यांत जे पहिलं वाक्य गेलं ते असं होतं: "खिरीच्या गंजाजवळ चपला काढू नये." नाल्याकडच्या गल्लीने त्या वर्षी सर्वांत जास्त खीर घेतली.

ट्रान्झिस्टर पंधरा दिवसांनी आले. विश्वनाथने ते नव्या मशीनमध्ये बसवून दिले, आणि महिन्याभरात ते मशीन त्याने गोधनीकडच्या एका मंडपवाल्याला देऊन टाकलं. कारण विचारणाऱ्यांना तो 'गर्मी' एवढंच सांगायचा. जुन्याच मशीनवर तो पुढे लग्नं करत राहिला आणि पुढच्या पिढीतल्या पोरांच्या दृष्टीने हळूहळू मागासलेला ठरला. त्याच्या हातून दोन गोष्टी सुटल्या. पत्रिकेत तो पुन्हा 'वेळ उरल्यास' लिहीत नसे, आणि कमिटीच्या बैठकीत त्याने पुन्हा ठराव मांडला नाही. ठराव आला की हात वर करायचा, तोही सगळ्यांच्या शेवटी.

काटोलला जायचं त्याने सहा महिने टाळलं. नोव्हेंबरात तार खात्याच्या कामानेच जावं लागलं. मार्केटात संत्र्यांचे ढीग लागले होते. बसस्टँडवर गाड्यांपेक्षा टोपल्या जास्त. पत्ता विचारत तो लेकीच्या घरी पोचला. बायजाबाई अंगणात बाजेवर बसून होती, पाय सुजलेले. शेजारणी दोघी-तिघी होत्या.

तिने त्याला लगेच ओळखलं. "हा पाहा," ती शेजारणींना म्हणाली, "ह्याचंच मशीन. म्या सांगू राहिली ना तुम्हाले, जायच्या दिवशी माझा आवाज चारी गल्ल्यांत नेला यानं."

विश्वनाथ बाजेच्या कडेला बसला. शेजारणी त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या.

"पण मले एक सांग," बायजाबाई म्हणाली. "मी माइकपुढं होती, मले तिथून काय समजन? नाल्याकडं कसा वाजला? ती गल्ली लई तक्रारी करते."

"मी तिथंच होतो, माय," विश्वनाथ म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "तिथंच होतो मी, गिरणीच्या पत्र्यावर! चांगला ऐकू आला!"

"शेवटचं कडवं?"

"शेवटचंही."

"वरच्या जागी फाटला असन ना?"

"थोडासा."

ती समाधानाने हसली. खोटी स्तुती करणारा माणूस 'थोडासा' म्हणत नाही, हे तिला माहीत होतं. "अन् बाकीच्या तीन गल्ल्या?"

विश्वनाथने लेकीच्या हातून पाण्याचा पेला घेतला. पेला पुरा रिकामा करून खाली ठेवला.

"तिथंही गेला, माय."

"गेला?"

"गेला!"

"चहा टाक वं," बायजाबाई लेकीला म्हणाली. "मशीनवाला माणूस हाय. त्याले आवाजातलं समजते."